पादांशिक क्रम आणि झोपेची गोळी

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, हे आपणां वैद्यमंडळींस नव्याने सांगावयास नको. परंतु आज अनिद्रेचा जो जीर्ण रुग्ण आपल्या दारी येतो, तो बहुधा या उपस्तंभाला एक टेकू लावूनच आलेला असतो. त्याच्या खिशात अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम अथवा झोल्पिडेम यांपैकी एखादी गोळ्यांची पट्टी असते. ती कोणीतरी, केव्हातरी, दोन-तीन आठवड्यांपुरती लिहून दिलेली असते आणि त्या गोष्टीला पाच, दहा, क्वचित पंधरा वर्षे लोटलेली असतात. असा रुग्ण समोर बसला की झोपेविषयी पुढे बोलतो, त्याचे पहिले वाक्य असते, "वैद्यराज, माझी ही गोळी तेवढी सोडवा."

या एका वाक्याला आपण काय उत्तर द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आम्ही एकदा या वाक्याला चुकीचे उत्तर दिले होते. त्या चुकीची किंमत आम्ही नव्हे, रुग्णाने मोजली. म्हणूनच हे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

आमची एक चूक

प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. वय ६२. सारा गाव त्यांना 'बाई' म्हणतो, तेव्हा येथेही तसेच म्हणू. यजमानांच्या निधनानंतर झोप लागेना, म्हणून त्यांना अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅमची गोळी रात्री सुरू झाली होती. ती नऊ वर्षे अखंड चालू होती. अलीकडे गोळी घेऊनही पहाटे अडीच-तीनला जाग येई, स्मरण मंद झाले होते आणि न्हाणीघरात दोनदा तोल गेला होता. नाडी, जिव्हा, कोष्ठ, सारे पाहून आम्ही वातप्रधान अस्वप्न असे निदान केले. निदान चुकले नव्हते. चिकित्सेतील पहिली सूचना मात्र चुकली. "गोळी आजपासून बंद. त्याऐवजी हे चूर्ण रात्री दुधातून घ्या," असे आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले.

पहिल्या दोन रात्री बाईंचा डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी हातांना कंप, घाम व छातीत धडधड सुरू झाली. भांडे पडल्याचा आवाजही त्यांना सहन होईना. अंगावर मुंग्या फिरतात असे त्या म्हणू लागल्या. चौथ्या रात्री त्या घरातल्या घरात वाट चुकल्या. मुलाने त्यांना रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि दोन दिवसांत सारे शमले. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "मला वाटलं, मला वेड लागलं. गोळी सोडल्यामुळे असं होतं, हे तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मी एवढी घाबरले नसते."

त्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. त्यामुळेच ते आम्हांस अधिक लागले.

शेजारी असलेले दोन विषय

घरी येऊन आम्ही अष्टांगहृदयाचे सूत्रस्थान उघडले. सातवा अन्नरक्षाध्याय. निद्रेचे विवेचन याच अध्यायात आहे: निद्रेवर अवलंबून असलेले सुखदुःख, पुष्टी व कार्श्य, अकाली झोपेचे दोष, दिवास्वापाचे नियम. विद्यार्थिदशेत हा भाग आपण सर्वांनी मुखोद्गत केलेला आहे. पण त्याच्या अगदी अलीकडच्या श्लोकांत वाग्भटाचार्य काय सांगतात? अंगवळणी पडलेले अपथ्य एका पादाने, म्हणजे चतुर्थांशाने, किंवा पादाच्याही पादाने, म्हणजे षोडशांशाने, उणे करीत सोडावे. मधल्या काळात त्या जागी पथ्याची योजना करावी. सवयीचे झालेले अपथ्य देखील एकाएकी सोडले, तर त्यातूनच विकार उत्पन्न होतात, असेही ते स्पष्ट बजावतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या, नवेगान्धारणीय अध्यायात हाच पादांशिक क्रम सांगितला आहे आणि क्रमाने घटविलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत, क्रमाने वाढविलेले गुण टिकून राहतात, असा त्याचा लाभही सांगितला आहे.

दोन्ही विषय एका अध्यायात, जवळजवळ एका पानावर. परीक्षेत मात्र ते दोन वेगळे प्रश्न म्हणून येतात आणि आपल्या डोक्यातही ते वेगळेच राहतात. नऊ वर्षे रोज घेतलेली गोळी ही त्या रुग्णाला ओकसात्म्य झालेली असते. ती अपथ्य आहे की नाही हा पहिला प्रश्नच नव्हे. ती सवयीची झाली आहे, हे पुरेसे आहे. ती सहसा सोडविणे शास्त्रविरुद्ध होते आणि आम्ही तेच केले होते.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. आचार्यांना या रासायनिक गोळ्या ठाऊक होत्या, असा आमचा दावा नाही. त्यांनी सांगितलेले एक, दोन, तीन दिवसांचे अंतर आहार-विहाराच्या सवयींसाठी आहे. या गोळ्यांकरिता ते अंतर आठवड्यांचे धरावे लागते. तत्त्व मात्र तेच.

गोळी शरीरात काय करते

मेंदूत गाबा नावाचे एक द्रव्य असते. मज्जापेशींची उत्तेजना आवरणे हे त्याचे कार्य. बेन्झोडायझेपाइन वर्गातील औषधे त्याच द्रव्याच्या ग्राहकांवर बसून त्याचा परिणाम वाढवितात. झोल्पिडेम रासायनिक दृष्ट्या निराळे असले, तरी त्याचे स्थान तेच. या वर्गातील पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली बाजारात आले. डायझेपाम १९६३ साली. त्यापूर्वीच्या बार्बिट्युरेटांपेक्षा ती पुष्कळ सुरक्षित होती, म्हणून त्यांचे स्वागत झाले, आणि तीव्र चिंतेत वा थोड्या दिवसांच्या निद्रानाशात त्यांचा उपयोग आजही आहे. ते नाकारण्याचे कारण नाही.

अडचण दीर्घ सेवनाची आहे. बाहेरून रोज आवर मिळू लागला की मेंदू आपली स्वतःची आवरण्याची शक्ती घटवितो. काही आठवड्यांत गोळीचा प्रभाव बोथट होतो. अशा वेळी गोळी एकदम काढली, तर आवरणारे कोणीच उरत नाही. निद्रानाश पूर्वीपेक्षा दुप्पट वेगाने उसळून येतो, कंप, स्वेद, हृद्द्रव, आवाज-प्रकाश असह्य होणे, भ्रम ही लक्षणे दिसतात, आणि काही रुग्णांना अपस्मारासारखे झटके येऊन जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या वर्गाच्या सर्व औषधांवरील चौकटीतील इशारा वाढवून त्यात अवलंबित्व व अचानक बंद केल्याने होणारे धोके यांचा स्पष्ट उल्लेख केला.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे आणि रुग्णाची दिशाभूल तेथेच होते. एखाद्या रात्री गोळी चुकली की झोप येत नाही. रुग्ण म्हणतो, "बघा, माझा आजार किती खोल आहे." वस्तुतः ती रात्र त्याच्या मूळ अनिद्रेची नसते, गोळीच्या अभावाची असते. हा भेद समजावून सांगणे, हेच चिकित्सेतील पहिले औषध होय असे आम्ही आता मानतो.

आधी झोपेची घडी

बाई वर्षभराने स्वतःहून परत आल्या. "आता हळूहळू सोडवाल का?" एवढेच त्यांनी विचारले. या वेळी पहिले तीन आठवडे आम्ही गोळीला हातही लावला नाही.

प्रथम कारणांचा शोध. चरकाचार्यांनी निद्रानाशाची कारणे सांगताना कार्य, काल, विकार, प्रकृती व वायू असा क्रम दिला आहे. यांतील 'विकार' हा शब्द आज फार व्यापक अर्थाने घ्यावा. स्थूल, घोरणाऱ्या व दिवसा पेंगणाऱ्या रुग्णास झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो. त्याला झोपेची गोळी धोक्याची आणि आपले निद्राकर योगही अनुचित. त्याची निद्रा-तपासणी व्हावयास हवी. रात्री पायांत अस्वस्थता असेल तर लोहाचे प्रमाण पाहावे. थायरॉइड, मधुमेहातील बहुमूत्रता, वेदना, श्वास, यांचा विचार करावा. पहाटे लवकर जाग व सोबत खिन्नता, अन्नद्वेष, जगण्याचा कंटाळा असेल, तर ती केवळ अनिद्रा नव्हे. आत्मघाताचे विचार येतात काय, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. अशा रुग्णास मानसरोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे आणि शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्याच्या घरच्यांस लिहून द्यावा.

नंतर निद्रेची नोंदवही. साधी शाळकरी वही पुरते. किती वाजता अंथरुणावर पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा जाग आली, किती वाजता उठलो, दिवसा झोपलो काय, चहा किती वेळा घेतला, एवढेच रोज सकाळी लिहावे. रात्री उठून घड्याळ पाहू नये. बाईंच्या वहीतून दिसले ते असे: रात्री नऊला त्या अंथरुणावर पडत, सकाळी सहाला उठत. नऊ तासांपैकी झोप साधारण साडेपाच तास. उरलेले साडेतीन तास कूस बदलण्यात. दुपारी जेवणानंतर तासभर डुलकी.

पाश्चात्त्य वैद्यकात औषधावाचून करावयाच्या निद्राचिकित्सेची एक शिस्त गेल्या काही दशकांत सिद्ध झाली आहे. १९७२ साली बूट्झिन यांनी अंथरुणाचा संबंध केवळ झोपेशी ठेवावा हे तत्त्व मांडले. १९८७ साली स्पीलमन व सहकाऱ्यांनी अंथरुणावरचा वेळ प्रत्यक्ष झोपेइतका कमी करण्याची पद्धत दिली. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली प्रौढांच्या जीर्ण निद्रानाशात हीच चिकित्सा प्रथम द्यावी, औषध नंतर, असे मार्गदर्शन केले. आपण ही शिस्त परकी मानण्याचे कारण नाही. काली झोपणे, काली उठणे, दिवास्वाप टाळणे, मनाला अनुकूल शय्या, हे सारे आपल्याच दिनचर्येतील आहे. त्यांनी त्याला मोजमाप दिले, इतकेच.

बाईंना आम्ही रात्री साडेअकराला अंथरुणावर जाण्यास व पहाटे साडेपाचला, झोप लागो वा न लागो, उठण्यास सांगितले. म्हणजे सहा तास. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटल्यास उठून मंद प्रकाशात खुर्चीत बसावे, डोळे जड झाले की परत यावे. दुपारची डुलकी बंद. अंथरुणावरच्या वेळापैकी सुमारे ८५ टक्के वेळ झोप येऊ लागली की दर आठवड्याने पंधरा मिनिटे वाढवावयाची. पाच तासांपेक्षा कमी वेळ कोणासही देऊ नये. अपस्मार, उन्मादाचा पूर्वेतिहास असलेल्यांना व वाहन चालविणाऱ्यांना ही पद्धत तज्ज्ञांवाचून देऊ नये.

येथे वैद्यबंधू शंका घेतील की जागरणाने रौक्ष्य वाढेल, वात अधिक कुपित होईल. शंका रास्त आहे, आम्हांसही ती होती. परंतु या पद्धतीत हेतू झोप घटविण्याचा नाही. अंथरुणावर जागत पडण्याचा वेळ घटतो. सुरुवातीच्या आठवड्यांत जो थकवा येतो त्यासाठी सायंकाळी अभ्यंग, स्निग्ध व लवकर घेतलेले जेवण यांची योजना करावी. अनभ्यस्त जागरण झाले असता त्याच्या अर्ध्या वेळाइतकी झोप सकाळी जेवणापूर्वी घ्यावी, असे वाग्भटाचार्य सांगतात. ती सूचना प्रसंगविशेषी जागलेल्यासाठी आहे. रोजच्या अनिद्रेत ती लागू केली तर रात्रीची झोप आणखी विरळ होते.

मात्रा उतरविताना

मात्रा कोणी कमी करावी? ज्यांनी ती गोळी दिली त्या डॉक्टरांनी, अथवा मानसरोगतज्ज्ञांनी. याविषयी आमचे मत निःसंदिग्ध आहे. आपले काम रुग्णाला तयार करणे, तज्ज्ञांना पत्र लिहिणे, वही पाहणे, सोबत राहणे आणि आपली चिकित्सा देणे. बाईंच्या डॉक्टरांना आम्ही एक पानाचे पत्र लिहिले, त्यात पूर्वी झालेली आमची चूकही लिहिली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दूरध्वनी केला. दोन पद्धतींत भांडण असते, असे सांगणाऱ्यांनी एकदा असे पत्र लिहून पाहावे.

उतरविण्याचा वेग किती असावा? इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशाच रुग्णांसाठी खास बाह्यरुग्ण विभाग चालविला. रुग्णाच्या सोयीने, महिनोन् महिने घेऊन उतरावे, हा त्यांच्या अनुभवाचा सारांश. अमेरिकेतील व्यसनवैद्यक संघटनेने इतर संघटनांसह २०२५ साली दिलेल्या मार्गदर्शनात आरंभी दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के घट करावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा अधिक घट सर्वसाधारणपणे करू नये असे म्हटले आहे. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. २५ टक्के म्हणजे पाद. षोडशांश म्हणजे सव्वासहा टक्के. ही जुळणी योगायोगाची असेल. पण सवय सोडविताना मनुष्यदेहाला किती झेपते, याचे निरीक्षण दोन्हीकडे एकाच ठिकाणी येऊन ठेपते, हे नोंदविण्याजोगे आहे.

व्यवहारात अडचण गोळी तोडण्याची येते. अल्प्राझोलामसारख्या लहान मात्रेच्या गोळीचा दशांश करणे घरी शक्य नसते. शिवाय तिचा प्रभाव लवकर ओसरतो, त्यामुळे दोन मात्रांच्या मधेच अस्वस्थता येते. एक दिवसाआड गोळी देणे हा उपाय याच कारणाने चुकीचा आहे. अशा वेळी तज्ज्ञ रुग्णास टप्प्याटप्प्याने डायझेपामसारख्या सावकाश उतरणाऱ्या औषधावर आणतात. ॲश्टन यांच्या कोष्टकानुसार अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम हे डायझेपाम १० मिलिग्रॅमशी स्थूलमानाने तुल्य आहे. वृद्धांत डायझेपाम शरीरात साठते, दिवसा गुंगी येऊ शकते, म्हणून हा निर्णय तज्ज्ञांचाच. सावकाश विरघळणाऱ्या विशेष बनावटीच्या गोळ्या तर कधीच तोडू नयेत.

बाईंच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांत हा बदल केला. नंतर दर तीन आठवड्यांनी १ मिलिग्रॅम, ५ मिलिग्रॅमच्या खाली आल्यावर दर तीन आठवड्यांनी अर्धा मिलिग्रॅम. प्रत्येक पायरीनंतर चार-पाच रात्री वाईट जात. वहीच्या त्या पानावर बाई आधीच लिहून ठेवत, "या आठवड्यात झोप कमी येणार." आणि तशीच ती कमी येई, मग सावरे. हीच गोष्ट पहिल्या वेळी त्यांना ठाऊक नव्हती.

पायरी न झेपल्यास तेथेच थांबावे. मागे वाढविण्याची घाई करू नये आणि पुढे रेटण्याचीही करू नये. घरात लग्नकार्य, शस्त्रक्रिया, मृत्यू असे प्रसंग असतील तेव्हा घट थांबवावी. ज्यांना पूर्वी झटके आले आहेत, ज्यांना मद्याचे व्यसन आहे, ज्यांची मात्रा फार मोठी आहे, गर्भिणी, आणि ज्यांच्या मनात आत्मघाताचे विचार आहेत, अशांचे काम बाह्यरुग्ण पद्धतीने आपण अंगावर घेऊच नये.

आपली चिकित्सा कोठे बसते

चरकाचार्यांनी निद्रा आणणाऱ्या उपायांची जी यादी दिली आहे, तिच्यात अभ्यंग, उत्सादन, स्नान, दूध, स्नेह, नेत्रतर्पण, शिरोलेप, मनाला सुखकर गंध व शब्द, सुखकर शय्या व घर, आणि उचित काल यांना स्थान आहे. त्या यादीत वनस्पतींच्या गोळ्यांचा भरणा नाही, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

आमच्या अनुभवात सर्वांत उपयुक्त ठरलेला उपाय सर्वांत स्वस्त आहे: रात्री झोपण्यापूर्वी काश्याच्या वाटीने तळपायांस तूप चोळणे. बाईंच्या सूनबाई हे काम करीत. त्यात तुपाचा गुण किती आणि दहा मिनिटे कोणीतरी पायांशी बसते याचा किती, हे आम्ही सांगू शकत नाही, दोन्ही हवेत. शिरोधारा आम्ही घट सुरू होण्यापूर्वी सात दिवस व मध्यंतरी थांबलो असता पुन्हा सात दिवस केली. सायंकाळी कोमट म्हशीचे दूध अग्नी पाहून द्यावे. ते गुरू आहे, मंदाग्नी, स्थौल्य वा प्रमेह असल्यास देऊ नये. त्यात जायफळ चिमूटभरच. "थोड्याने झोप येत नाही, म्हणून अर्धे जायफळ उगाळले" असे सांगणारे रुग्ण भेटतात; अधिक मात्रेत जायफळ भ्रम व हृद्द्रव उत्पन्न करते.

आता औषधांविषयी. तगर, जटामांसी यांसारखी शामक द्रव्ये गोळी चालू असताना भरपूर मात्रेत देणे म्हणजे गुंगीवर गुंगी चढविणे. वृद्ध रुग्ण पडला, मांडीचे हाड मोडले, तर त्याची झोप कायमचीच बिघडते. अश्वगंधेवर लहान-मोठे अभ्यास झाले आहेत व ते आशादायक आहेत. तथापि २०२० पासून तिच्या सेवनाशी संबंधित यकृतविकाराच्या नोंदीही प्रसिद्ध झाल्या आहेत आणि ती थायरॉइडच्या संप्रेरकांवर परिणाम करू शकते. म्हणून कावीळ झालेल्या वा थायरॉइडचे औषध घेणाऱ्या रुग्णास ती विचारपूर्वक द्यावी.

सर्पगंधेविषयी विशेष सावधगिरी हवी. या वनस्पतीचा अभिमान आपणां सर्वांस आहे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्माद व रक्तदाब यांवरील उपयोग प्रसिद्ध केला आणि १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमधून तो जगापुढे मांडला. परंतु तिच्यातील रेसर्पिनने रक्तदाब उतरतो आणि औदासीन्य वाढू शकते. जो रुग्ण गोळी सोडताना आधीच खिन्न आहे, त्याला सर्पगंधा देणे आम्ही टाळतो. खुरासानी ओवा अथवा भांग पडलेले निद्राकर पाठ वृद्धांत मतिभ्रम, मूत्रावरोध करू शकतात. ही द्रव्ये औषध कायद्याच्या 'ई-एक' अनुसूचीत विषारी द्रव्यांत गणलेली आहेत, याचेही स्मरण असावे.

थोडक्यात, रात्रीच्या गोळीच्या जागी रात्रीचे चूर्ण बसविले, तर रुग्ण एका टेकूवरून दुसऱ्यावर आला, एवढेच होते. त्याची झोप स्वतःच्या पायांवर उभी राहिली, असे होत नाही. आमच्या रुग्णांत आम्ही कोणतेही शामक औषध सहा-आठ आठवड्यांपेक्षा अधिक चालू ठेवीत नाही, आणि तेही पादांशिक क्रमानेच थांबवितो.

औषधालयाच्या चालकांना विनंती

आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात आयुर्वेदीय व आधुनिक अशी दोन्ही औषधे असतात. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या 'एच-एक' अनुसूचीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम यांचा समावेश आहे. त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही, त्यात डॉक्टर, रुग्ण, औषध व संख्या यांची नोंद, आणि ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. हा नियम सर्व जाणतात. त्या वहीचा दुसरा उपयोग मात्र कोणी करीत नाही. कोणता रुग्ण किती वर्षे तीच गोळी नेत आहे, हे वैद्यालाही ठाऊक नसते, डॉक्टरांनाही नसते. ते आपल्याला ठाऊक असते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात ३० औषधालयांमार्फत एक प्रयोग झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या ३०३ वृद्धांपैकी एका गटाला या औषधांचे धोके व हळूहळू सोडण्याचा क्रम समजावणारी एक पुस्तिका दिली. सहा महिन्यांनी त्या गटातील २७ टक्के लोकांची गोळी सुटली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. एका पुस्तिकेचा हा परिणाम. मराठीत असे एक पान तयार करून आपल्या गल्ल्यापाशी ठेवणे कठीण नाही. त्यावर ठळक अक्षरांत पहिली ओळ एवढीच असावी की गोळी एकाएकी बंद करू नका, आपल्या डॉक्टरांशी बोला.

दुसरी विनंती अधिक अवघड आहे. "झोपेच्या गोळीपासून मुक्ती" अशा शब्दांत कोणतेही चूर्ण, वटी वा तेल विकू नये. ग्राहक घरी जाऊन गोळी फेकून देतो आणि चूर्ण घेतो. पुढे चौथ्या रात्री काय होते, ते वर लिहिले आहे.

शेवटी काय साधले

गोळी सोबत शिस्तीची चिकित्सा दिली तर काय फरक पडतो, याचा एक अभ्यास मोरँ व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. ७६ वृद्ध रुग्णांत केवळ क्रमाने मात्रा उतरविलेल्यांपैकी ४८ टक्के, केवळ निद्राशिस्त दिलेल्यांपैकी ५४ टक्के, आणि दोन्ही एकत्र दिलेल्यांपैकी ८५ टक्के रुग्ण गोळीमुक्त झाले. कालांतराने काहीजण पुन्हा गोळीकडे वळतात, हेही सर्व अभ्यासकांनी नमूद केले आहे. म्हणून गोळी सुटल्यावरही वर्षभर रुग्णाला महिन्यातून एकदा बोलवावे.

बाईंची गोळी सुटावयास वर्षाहून थोडा अधिक काळ लागला. मध्ये मुलीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी २ मिलिग्रॅमवर सहा आठवडे थांबलो होतो. आज त्या सहा तास झोपतात, कधी साडेपाच. पूर्वीच्या आठ तासांची त्यांची अपेक्षा आता उरली नाही आणि ती सोडणे, हे गोळी सोडण्याहून त्यांना अवघड गेले असे त्या म्हणतात. पहाटे जाग आली तर त्या अंगणात येऊन बसतात. न्हाणीघरात तोल जाणे थांबले आहे. वहीत आता त्या झोपेऐवजी रोजचा हिशेब लिहितात.

सर्वच रुग्णांत असे होत नाही. आमच्याकडील काहीजण निम्म्या मात्रेवर येऊन थांबले आणि तेथेच स्थिर आहेत. त्यांना आम्ही अपयशी म्हणत नाही. आठव्या दशकातल्या मनुष्याची मात्रा निम्मी झाली, पडण्याचा धोका घटला, हेही थोडे नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा रुग्ण खिशातून ती पट्टी काढून टेबलावर ठेवील आणि "एवढी सोडवा" म्हणेल, त्या वेळी त्याला चूर्णाची पुडी देण्याआधी एक कोरी वही द्यावी, त्याच्या डॉक्टरांचे नाव विचारावे आणि "सोडवू, पण सावकाश. आज रात्री गोळी नेहमीप्रमाणे घ्या," असे सांगावे, ही समस्त वैद्यबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.